खिशांतील चाकू आणि हाताचा चाळा

चाळा हा शब्द मराठींत मोठा बोलका आहे. काम म्हणावें तर तें काम नव्हे, खेळ म्हणावा तर तो खेळहि नव्हे. मन एकीकडे गुंतलें असतां हात आपल्या मर्जीनें जें कांहीं करीत राहतो त्याला आमचीं माणसें चाळा म्हणतात. कोणी जानव्याशीं चाळा करितो, कोणी मिशीशीं, कोणी पदराच्या टोंकाशीं, कोणी किल्ल्यांच्या जुडग्याशीं. आमचा चाळा घडीच्या चाकूचा. चार बोटें लांबीचा एक चाकू आमच्या खिशांत नेहमीं असे. समोरचा गृहस्थ बोलूं लागला, विशेषतः लांबण लावून बोलूं लागला, कीं तो चाकू केव्हां हातांत येई आणि त्याचें पातें केव्हां उघडूं-मिटूं लागे याचा आम्हांस पत्ताहि नसे. ‘टक्’ करून पातें उघडावयाचें, ‘टक्’ करून मिटावयाचें. घरांतील मंडळींस या आवाजाचा मनस्वी कंटाळा. “अहो, तेवढें तें खालीं ठेवा पाहूं,” असें ऐकलें म्हणजे आम्ही ओशाळून चाकू खिशांत टाकीत असूं. आणि पांच मिनिटांनीं पुन्हां ‘टक्’ व्हावयाचें तें होतच असे.

चाळ्याविषयीं आमच्या पूर्वजांचें मत कांहीं चांगलें नव्हतें. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत मातीचीं ढेकळें कुसकरणारा, गवताच्या काड्या तोडणारा व नखें खाणारा मनुष्य लवकरच नाश पावतो, असें स्पष्ट बजावलें आहे. लोकांनीं हाच अभिप्राय सौम्य करून रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, असें म्हटलें. शास्त्र आणि लोकव्यवहार दोन्ही विरुद्ध गेल्यावर आमच्यासारख्यानें निमूटपणें गुन्हा कबूल करावा हेंच बरें. तथापि शिक्षा होण्यापूर्वीं आरोपीला आपली हकीकत सांगावयास मिळते. खिशांतला चाकू हातांत कसा आला, आणि हातांत आल्यावर तो स्वस्थ कां बसत नाहीं, याची हकीकत आम्हांस वाटते त्यापेक्षां पुष्कळ लांबची आहे, आणि तींत नुसता रिकामपणाच आहे असेंहि नाहीं.

सुरी ही मनुष्याची फार जुनी सोबतीण; परंतु ती कमरेस लावावी लागते व तिला म्यान लागतें. पातें मुठींतच मिटवून मुठीलाच म्यान करण्याची युक्ति निघाली तेव्हां चाकू कमरेवरून कनवटीस आला. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथें हाडाच्या मुठीचा एक घडीचा चाकू सांपडला आहे. तो ख्रिस्तपूर्व ६०० ते ५०० या काळांतील मानतात. रोमन लोकांनीं ही युक्ति पुढें नेली. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयांत रोमन काळांतील चांदीचें एक अवजार आहे. पातें, चमचा, कांटा, टोंचा, दांतकोरणें अशा अनेक वस्तु त्यांत एकाच ठिकाणीं मिटतात. मेजवानीस किंवा प्रवासास निघालेल्या कोणा सुखवस्तु रोमन गृहस्थाच्या सामानांत तें असावें. परंतु या जुन्या चाकूंत चाळ्याला फारसा वाव नव्हता. पातें खिळ्याभोंवतीं फिरे आणि केवळ घर्षणानें जागेवर राही. त्यांत विरोध नव्हता, आणि ज्यांत विरोध नाहीं त्यांत हाताला गोडी वाटत नाहीं.

ती गोडी आणली कमानीनें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत, विशेषतः शेफील्ड गांवीं, चाकूच्या पाठींत पोलादाची कमान बसवूं लागले. आज आपण साधा खिशांतला चाकू म्हणतों त्याची रचना तीच आहे. पात्याच्या बुडाशीं चौकोनी टांच असते. मुठीच्या पाठींत पोलादाची एक अरुंद पट्टी असते, तीच कमान. पातें उघडूं लागलें कीं टांचेचा कोपरा कमानीला वर रेटतो. कमान त्याला अडविते, आणि नखाला जोर करावा लागतो. अर्ध्याहून थोडी अधिक वाट झाली कीं तीच कमान उलट पात्याला पुढें ढकलते व पातें आपल्या जागीं जाऊन बसतें. आधीं विरोध, मग साह्य, आणि शेवटीं एक स्वच्छ आवाज, एवढें सगळें निमिषांत घडतें. इंग्रज कारागीर व चाकूंचे षोकी चाकूच्या या गुणाला त्याचें ‘चालणें आणि बोलणें’ म्हणतात. चांगला चाकू कसा चालतो व कसा बोलतो यावरून त्याची परीक्षा होते. ज्या वस्तूची परीक्षाच उघडून-मिटून करावयाची, तिच्याशीं हात चाळा करणार नाहीं तर काय करील?

कमानीवांचून चाकू बोलत नाहीं, आणि चांगल्या पोलादावांचून कमान टिकत नाहीं. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या एका घड्याळजीला याच अडचणीनें पछाडलें. घड्याळाच्या कमानींसाठीं सर्वत्र सारख्या कसाचें पोलाद त्याला मिळेना. त्यानें शेफील्डजवळ खटाटोप करून मातीच्या मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. गंमत अशी, कीं शेफील्डच्या चाकूवाल्यांनीं प्रथम हें पोलाद घडविण्यास फार कठीण म्हणून नाकारलें. फ्रेंच कारागिरांनीं मात्र तें घेतलें. आणि त्या पोलादाचे फ्रेंच चाकू इंग्लंडच्या बाजारांत येऊं लागले तेव्हां शेफील्डकरांचे डोळे उघडले.

मुशींत पोलाद करण्याची विद्या आमच्या दक्षिणेस मात्र नवी नव्हती. दख्खन व म्हैसूर या प्रांतांत लोखंड व कोळसा लहान मुशींत बंद करून, तें बराच वेळ तापवून पोलादाच्या वड्या पाडीत. त्या वड्यांस इंग्रज ‘वूट्झ’ म्हणूं लागले. १७९४ च्या सुमारास मुंबईंतील एक डॉक्टर हेलेनस स्कॉट यानें अशा वड्यांचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर जोसेफ बॅंक्स याजकडे पाठविले. जॉर्ज पिअरसन या रसायनवेत्त्यानें त्यांची परीक्षा करून १७९५ सालीं सोसायटीपुढें निबंध वाचला. त्या परीक्षेंतील एक गोष्ट आमच्या विषयास अगदीं लागून आहे. बॅंक्सच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट नामक लंडनच्या नामांकित चाकू-कारागिरानें त्या हिंदी पोलादाचें काय केलें, तर लेखणी करण्याचा एक चाकू! आणि त्याची धार उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच चांगली उतरली. याच स्टोडार्टनें पुढें १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. मुंबईच्या बंदरांतून गेलेल्या त्या वड्यांनीं युरोपांतील विद्वानांस पुष्कळ वर्षें कामाला लावलें. आणि त्याच शतकांत त्याच बंदरांत शेफील्डच्या चाकूंच्या पेट्या उतरूं लागल्या. कारागिराची विद्या त्याच्या भट्टीजवळच राहिली आणि व्यापाराची विद्या दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, याचें हें एक लहानसें उदाहरण आहे. त्यावर अश्रु ढाळण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु खिशांतला विलायती चाकू उघडतांना ही आठवण ठेवणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

स्टोडार्टनें लेखणीचाच चाकू कां केला? कारण त्या काळीं सुशिक्षित मनुष्याच्या हातांत दिवसांतून अनेकदां येणारा चाकू तोच होता. युरोपांत हंसाच्या जातींतील पक्ष्यांच्या पिसांनीं लिहीत. पिसाचें टोंक थोड्याच वेळांत बोथट होई व मग तें पुन्हां तासावें लागे. इंग्रजींत लहान चाकूला अद्यापि लेखणीचा चाकू असेंच म्हणतात. आमच्याकडे पिसाच्या जागीं बोरू होता. फारसी दफ्तरांतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्दच सांगतो, कीं चाकूचें पहिलें काम कलम तासणें. बोरूचें टोंक तिरकें छाटावयाचें, मध्यें चीर द्यावयाची, मग अंगठ्याच्या नखावर टेंकून शेवटचा काप घ्यावयाचा. मोडीच्या वळणाचा बोरू निराळा, बाळबोधाचा निराळा. ज्याला बोरू नीट करतां येत नसे त्याचें अक्षर चांगलें येण्याची आशा नसे. आणि मुलांचे बोरू करून देतां देतां पंतोजींची सकाळ जाई. कारकुनाला आपण थट्टेनें बोरूबहाद्दर म्हणतों, पण या बहाद्दराच्या कलमदानांत बोरूबरोबर हें एक शस्त्रहि असे हें विसरतों.

या तासण्यांत एक सोय होती. ती लिहिणारांनीं कधीं बोलून दाखविली नसेल, पण भोगली खास असेल. पुढचें वाक्य सुचत नाहीं, हिशेब जुळत नाहीं, वरिष्ठाच्या पत्रास काय उत्तर द्यावें हें ठरत नाहीं, अशा वेळीं लेखणी तासावी. हात कामांत असे, म्हणून मनाला विचार करावयास फुरसत मिळे. आणि पाहणाराला गृहस्थ उद्योगांत आहे असें दिसे. पुढें १८२० नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टांकांचीं टोंकें लाखांनीं निघूं लागलीं. टांक तासावा लागत नाहीं. बोथट झाला कीं फेंकून द्यावयाचा. लेखणी तासण्याचें काम गेलें. परंतु काम गेलें तरी चाकू खिशांतून गेला नाहीं, आणि चाकू राहिला तशी त्या क्षणभर थांबण्याची हाताची संवयहि राहिली. आमचा सिद्धान्त असा आहे, कीं चाळा म्हणजे पोरकें झालेलें काम. ज्या कामासाठीं हात तयार झाला तें काम निघून जातें. हात मात्र त्या कामाच्या वेळेला आपोआप उठतो आणि रिकामी प्रदक्षिणा घालून परत येतो.

खिशांतल्या चाकूची सर्वांत हृद्य साक्ष आम्हांस अमेरिकेंत सांपडते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली. त्या रात्रीं त्याच्या खिशांत ज्या वस्तु होत्या त्या त्याच्या कुटुंबानें जपून ठेविल्या, १९३७ सालीं त्याच्या नातीनें त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या, आणि १९७६ सालीं त्या लोकांस प्रथम पाहावयास मिळाल्या. दोन चष्मे, चष्म्याचें भिंग पुसण्याचें साधन, एक रुमाल, वर्तमानपत्रांतील कात्रणें, शत्रुपक्षाच्या सरकारची पांच डॉलरची एक नोट, आणि हस्तिदंती मुठीचा एक चाकू. चार वर्षें चाललेलें यादवी युद्ध नुकतें संपत आलेलें, गुलामगिरी नष्ट करण्याची दुरुस्ति कायदेमंडळानें संमत केलेली. आणि त्या सर्वांचा भार वाहणाऱ्या पुरुषाच्या खिशांत एखाद्या शाळामास्तराच्या खिशांत सांपडावें तेवढेंच सामान. राष्ट्राध्यक्षाला त्या चाकूचें काय काम पडत असेल? परंतु जंगलांत लांकडें फोडून वाढलेल्या मनुष्याचा हात चाकूवांचून घराबाहेर पडत नसला तर नवल नाहीं.

तो देशच मुळीं चाकूच्या चाळ्याबद्दल प्रसिद्ध होता. लांकडाची ढलपी घेऊन ती चाकूनें उगाच सोलीत बसणें याला इंग्रजींत ‘व्हिटलिंग’ म्हणतात. हा शब्द ज्या जुन्या नांवावरून आला तें सुरीचें नांव चौदाव्या शतकांतील चॉसर कवीच्या एका कथेंतहि आहे. तेथें एक पिठाच्या गिरणीचा मालक शेफील्डची सुरी पायमोज्यांत खोंवून हिंडतो. इंग्लंडांतील हा शब्द अमेरिकेंत गेल्यावर जणूं राष्ट्रीय व्यवसाय झाला. दुकानाच्या ओसरीवर, धक्क्यावर, सभेंत, जेथें चार माणसें जमत तेथें भुश्याचे ढीग पडत. १८३९ सालीं इंग्रज कादंबरीकार कॅप्टन मॅरियट यानें आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनांत याची मोठी मार्मिक मीमांसा केली आहे. तो म्हणतो, कीं उद्योग नसला म्हणजे या लोकांना जी अस्वस्थता येते तिच्यापोटीं ही संवय जन्मली. परंतु सौदा करतांना ती मुद्दाम उपयोगास आणतात. ढलपी सोलतां सोलतां बोलण्यांतील खंड भरून निघतो, विचाराला अवसर मिळतो, आणि डोळे चाकूवर असल्यामुळें प्रतिपक्षाला आपल्या चेहऱ्यावरून मनांतलें ओळखतां येत नाहीं.

हें वाचून आम्हांस आपल्या गुरांच्या बाजारांतील दलाल आठवले. तेहि रुमालाखालीं हात घालून बोटांनींच भाव ठरवितात, आणि चेहरा असा ठेवितात, कीं जणूं पावसापाण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. त्याहूनहि अधिक आठवला तो अडकित्ता. सोयरिकीच्या बैठकींत देण्याघेण्याची गोष्ट निघाली कीं वडील माणसानें पानाचा डबा पुढें ओढावा, सुपारी निवडावी, अडकित्त्यांत धरावी आणि सावकाश कातरीत बसावें. उत्तर सुपारीच्या शेवटच्या खांडाबरोबर यावयाचें. अमेरिकन शेतकऱ्याचा चाकू आणि आमच्या आजोबांचा अडकित्ता यांत पोलादाचा फरक असेल, हेतूचा मुळींच नाहीं. अडकित्त्यांत कोण सांपडे, सुपारी कीं वधुपिता, हा प्रश्न निराळा!

मुलांचें चाकूवरील प्रेम याहून निरपेक्ष असतें. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या ‘टॉम सॉयर’ या कादंबरींत बायबलांतील वचनें पाठ केल्याबद्दल टॉमला त्याची मावसबहीण मेरी साडेबारा सेंट किंमतीचा एक ‘बार्लो’ चाकू बक्षीस देते. त्या चाकूनें कांहींच कापत नाहीं. पण तो खराखुरा बार्लो आहे, एवढ्यानेंच पोराला स्वर्ग दोन बोटें उरतो. तो लगेच फडताळावर ओरखडे काढतो व पुढें कपड्यांच्या कपाटाकडे वळणार इतक्यांत रविवारच्या शाळेची हांक येते. ज्यानें लहानपणीं पहिला चाकू मिळाल्यावर घरांतील एखाद्या लांकडी वस्तूवर आपलें नांव कोरलें नसेल त्यानेंच टॉमला दोष द्यावा.

परंतु टॉमच्या हातांतलें खेळणें दुसऱ्या कोणाच्या फुफ्फुसांतून निघत होतें, ही गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जगाच्या खिशांतील चाकूंचें माहेर शेफील्ड हेंच होतें. तेथील जोसेफ रॉजर्स ही पेढी इतकी नांवाजलेली, कीं तिनें १८२२ सालीं तितकींच पातीं असलेला एक प्रदर्शनी चाकू आरंभिला व दर वर्षीं एक पातें त्यांत वाढवावयाचें ठरविलें. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं पंचाहत्तर पात्यांचा व अवजारांचा दुसरा एक चाकू केला. राजे-राण्यांनीं कौतुक करावें अशा या वस्तु. त्यांची धार मात्र सहाणेवर ओणव्यानें बसणारे मजूर लावीत. दगडाची व पोलादाची बारीक धूळ श्वासावाटे आंत जाई आणि तरुणपणींच दमा-खोकला जडे. फ्रेडरिक एंगल्सनें १८४५ सालच्या आपल्या ग्रंथांत शेफील्डच्या डॉक्टर नाइटची साक्ष दिली आहे. ती अशी, कीं गांवांत सुमारे २,५०० धार लावणारे होते. पैकीं कोरड्या दगडावर कांटे घासणारे २८ ते ३२ वर्षांच्या दरम्यान मरत, वस्तरेवाले ४० ते ४५ च्या दरम्यान, आणि ओल्या दगडावर जेवणाच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० च्या दरम्यान. सर्वांत अधिक जगत ते अट्टल दारुडे; कारण ते कामावर सर्वांत कमी येत! धूळ ओढून घेणारे पंखे निघाले होते. परंतु माणसें अधिक जगलीं तर कामाला माणसें अधिक होतील व मजुरी उतरेल, या भीतीनें मजुरांनींच कोठें कोठें ते मोडून टाकले. दारिद्र्य मनुष्याला कोणता हिशेब करावयास लावतें, याचें यापेक्षां भयंकर उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

तो धंदा आतां जवळजवळ संपला आहे. शेफील्डमध्यें स्वतंत्रपणें एका खोलींत बसून सगळा चाकू आपल्याच हातानें करणाऱ्या कारागिरांस ‘छोटे उस्ताद’ म्हणावें अशा अर्थाचें नांव होतें. त्या परंपरेंतील शेवटच्या थोरांपैकीं स्टॅन शॉ १९२६ सालीं जन्मला, चौदाव्या वर्षीं उमेदवार म्हणून लागला आणि २०२१ सालीं वारला. म्हातारपणींहि तो चाकू करीतच होता. सत्तर-पाऊणशें वर्षें त्यानें कमानी घासल्या, पातें उघडून-मिटून आवाज ऐकला, पुन्हां घासल्या. आम्ही ज्याला चाळा म्हणतों तें त्याचें काम होतें. इकडे स्वित्झर्लंडांत कार्ल एल्सेनर यानें १८९७ सालीं एकाच कमानीवर दोन्ही बाजूंचीं पातीं चालविण्याची युक्ति काढून सैनिक-अधिकाऱ्यांचा चाकू केला, व तो लाल मुठीचा चाकू जगभर गेला. एवढें सांगून तो भाग सोडूं.

आतां मूळ आरोपाकडे वळूं. चाळा हा रिकामपणाचा दोष कीं मनाची गरज? दोन्ही पक्षांस पुरावा आहे. रोमचा बादशहा डोमिशियन राज्याच्या आरंभीं रोज तासन्‌तास एकटा बसून टोंकदार लेखणीनें माशा मारी, असें सुएटोनियसनें लिहून ठेविलें आहे. आंत बादशहाजवळ कोणी आहे काय, असें कोणीं विचारलें असतां “माशीसुद्धां नाहीं” असें एका थट्टेखोर सरदारानें उत्तर दिलें होतें. हाच डोमिशियन पुढें मोठा क्रूर निघाला. मनूला ही गोष्ट कळती तर त्यानें आपल्या श्लोकाच्या समर्थनार्थ तीच दिली असती.

दुसऱ्या पक्षाचा साक्षीदार फ्रान्सिस गाल्टन. १८८५ सालीं एका कंटाळवाण्या व्याख्यानाला बसला असतां या गृहस्थानें श्रोत्यांची चुळबुळ मोजली! सुमारें पन्नास माणसांत मिनिटाला पंचेचाळीस हालचाली, म्हणजे दर माणशीं जवळजवळ एक. आणि व्याख्यान रंगलें कीं ही संख्या निम्म्यावर येई, असा हिशेब त्यानें ‘नेचर’ या नियतकालिकांत छापिला. त्यावरून चाळा हें कंटाळ्याचें माप ठरलें. परंतु २००९ सालीं इंग्लंडांत जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईनें उलट बाजू तपासली. चाळीस जणांस एक रटाळ निरोप ऐकविला. निम्म्यांस ऐकतां ऐकतां कागदावरील आकृति पेन्सिलीनें भरावयास दिल्या. मागाहून विचारलें तेव्हां हाताला चाळा असलेल्यांनीं दुसऱ्यांपेक्षां २९ टक्के अधिक गोष्टी सांगितल्या. हात गुंतलेला असल्यामुळें मन दूर भटकूं शकलें नाहीं. हा प्रयोग पेन्सिलीचा आहे, चाकूचा नव्हे, हें आम्ही प्रामाणिकपणें कबूल करितों; तरीहि घरांतील मंडळींस तो आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविला, हेंहि कबूल करितों.

तथापि चाकू म्हणजे पेन्सिल नव्हे, आणि अडकित्ताहि नव्हे. जो चाळा स्वतःला विसांवा देतो तोच समोरच्याला धाक घालूं शकतो. उत्तरेंतील रामपूर शहराचा खटक्याचा चाकू या दुसऱ्या चाळ्यासाठींच सर्वतोमुखीं झाला. हिंदी चित्रपटांतील गुंडानें तो परजल्यावांचून बोलूंच नये असा दंडक पडला. १९६५ सालच्या ‘वक्त’ या चित्रपटांत चाकू दाखवून धमकावणाऱ्याच्या हातांतून तो काढून घेऊन, हें कांहीं मुलांचें खेळणें नव्हे, असें राजकुमार शांतपणें समजावतो, त्या प्रसंगाची आठवण अजून निघते. आतां रामपुरांतील चाकूचे कारागीर थोडे उरले आहेत, आणि २०२३ सालीं त्या शहरानें चौकांत वीस फुटांचा चाकू उभारून आपल्या कीर्तीचें स्मारक केलें आहे. कायद्यालाहि या दोन चाळ्यांतील सीमा आंखतांना मोजपट्टीच घ्यावी लागली. इंग्लंडांत १९८८ च्या कायद्यानें तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा साधा घडीचा चाकू खिशांत ठेवण्यास मोकळीक आहे. आमच्याकडे शस्त्रांच्या कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातें हें शस्त्रांत धरिलें आहे, घरकामाचीं व शेतीचीं अवजारें वगळून. हेतु मोजतां येत नाहीं, म्हणून पातें मोजावयाचें.

शेवटीं थोडी घरची गोष्ट. आमचा चाकू मूळचा आमच्या वडिलांचा. ते एका कचेरींत कारकून होते. शिंगाची मूठ, दोन पातीं. त्यांतलें लहान पातें पेन्सिली करून व निसण्यावर घासून इतकें झिजलें होतें, कीं मोठ्यापुढें तें नातवासारखें दिसे. कचेरींत शाईच्या बारीक गोळीचीं पेनें आलीं आणि पेन्सिली करण्याचें काम सरलें. वडील निवृत्त झाले. चाकू खिशांत राहिला. शेवटच्या आजारांत त्यांची वाचा गेली. रात्रीं आम्ही शेजारच्या खोलींत निजत असूं. मध्यरात्रीं केव्हां तरी ‘टक्’ असा आवाज येई, थोड्या वेळानें पुन्हां येई, आणि वडील जागे आहेत, बरे आहेत, एवढें आम्हांस कळे. तो आवाज ऐकून आम्ही कूस बदलून पुन्हां झोंपीं जात असूं. एका रात्रीं तो आला नाहीं. ज्या चाळ्याबद्दल आईनें त्यांना जन्मभर टोकलें, त्याचीच ती पुढें कितीतरी दिवस झोपेंतून उठून चाहूल घेई.

तोच चाकू कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं गमावला. विमानानें जावयाचें होतें. कोटाच्या खिशांत तो आहे याचें भान राहिलें नाहीं. ११ सप्टेंबर २००१ च्या उत्पातानंतर विमानांत चाकू नेऊं देत नाहींत हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. दोष सर्वस्वी आमचा. तपासणी करणारा तरुण सभ्य होता. “काका, हें इथेंच ठेवावें लागेल,” एवढेंच तो म्हणाला. परत जाऊन कोणाच्या स्वाधीन करण्याइतका वेळ उरला नव्हता. जप्त केलेल्या कात्र्या, वस्तरे व चाकू यांनीं भरलेल्या एका पेटींत त्यानें तो ठेविला. ठेवण्यापूर्वीं एकदां उघडून मिटला. आवाज ऐकून त्यानें पुन्हां एकदां उघडला. मग आमच्याकडे पाहून जरा ओशाळला व पेटीचें झांकण लावलें.

त्यानंतर कित्येक महिने आमचा अंगठा रिकाम्या खिशांत जाऊन परत येत असे. आतां दुसरा चाकू घेतला आहे. त्याची कमान अद्यापि ताठ आहे, आवाज कोरडा येतो, मूठहि हाताच्या ओळखीची झालेली नाहीं. त्याला दहा-वीस वर्षें लागतील, व तेवढीं आम्हांस मिळतील किंवा नाहीं तें सांगवत नाहीं. मनूचा शाप डोक्यावर आहेच. परंतु संध्याकाळीं कोणी लांबण लावून बोलूं लागलें म्हणजे घरांतून पुन्हां “अहो, तेवढें तें खालीं ठेवा पाहूं,” असें ऐकूं येऊं लागलें आहे, आणि तें ऐकून आम्हांस बरें वाटतें.